विसळण

गुप्तेबाईंच्या पोटावर
पेन्सिलीनं काढलेलं एक वर्तुळ होतं,
त्याच्याबाहेर दुसरं, त्याच्याबाहेर तिसरं,
प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात तारीख.
तीस वर्षं चित्रकला शिकवली त्यांनी रावपुऱ्यात.
गाठ वाढतेय हे डॉक्टरांना पटेना,
म्हणून पुरावा.

पित्ताशय काढून सहावा आठवडा.
चार छिद्रं. तीन मिटली.
बेंबीजवळचं मात्र
रोज परकराला एक ओला ठिपका देत राहिलं.
आधी म्हणाले, टाका पिकलाय.
मग म्हणाले, टीबी असेल, आणि सहा महिन्यांच्या गोळ्या लिहिल्या.
लघवी केशरी झाली. ठिपका तसाच.

मग तोच ठिपका घेऊन एक रिक्षावाला आला,
मूल होत नाही म्हणून दुर्बीण घातलेली
वाघोडियाची मुलगी आली,
मग आणखी चौघं.
सात जणांत सारखं काय,
तर दुर्बिणीचं ऑपरेशन, दोन नंबरचं थिएटर,
आणि मी.

मी दिघे. ओटी टेक्निशियन.
दुर्बीण ट्रेमध्ये बुडवायची,
वीस मिनिटं, घड्याळ लावून.
डोळ्यांतून धारा काढणारं ते औषध
पोटात जायला नको
म्हणून मग विसळायची.
दिघेभाऊंसारखं कोणी विसळत नाही,
जशुबेन नव्या मुलींना सांगायच्या.

डॉक्टर नफीसा वोरांनी मला खाली बोलावलं,
सूक्ष्मदर्शकाशी उभं केलं.
निळ्यावर लाल काड्या,
कुणाच्या हातून काडेपेटी सांडावी तशा.
म्हणाल्या, हा क्षयाचा नव्हे, त्याच्या भाऊबंदांपैकी.
तो उगवायला महिना लावतो,
हा पाचव्या दिवशी वर आला.
अंगावर मेण आहे त्याच्या, तुमच्या औषधाला दाद देत नाही,
आणि राहतो पाण्यात.
मग माझ्याकडे न बघता:
शेवटी कुठल्या पाण्यानं विसळता?

उकळलेल्या, म्हणालो मी.

पाणी उकळायचं मशीन दिवाळीपासून बंद होतं.
अर्ज केला होता. प्रत आहे,
पाकिटात, घडीवर फाटत आलेली.
आणि नळ तर होताच, हाताशी.
आजव्याचंच पाणी,
ज्यात आमची तूरडाळ शिजते.
पिणाऱ्याला त्यातून काही होत नाही.
पाइपच्या आतल्या बुळबुळीला धरून
तो आपला बसलेला असतो,
नळ सुटला की थोडा वाहतो, थोडा राहतो.
माणसाच्या पोटात बेंबीवरून शिरायची वाट
त्याला कुठून माहीत असणार?

रात्रपाळीत मीच नळाच्या गळ्यात कापूस फिरवला,
मीच बाटली भरली,
चिठ्ठीवर लिहिलं: ओटी दोन, डावा नळ.
खाली जाऊन ठेवली त्यांच्या टेबलावर.
मॅडम, उकळलेलं नव्हतं.
त्या कॅलेंडरवर पाच दिवस मोजत होत्या.
म्हणाल्या, झाकण घट्ट लावलंय ना?

आता विसळण बंद पाकिटातून येते,
निर्जंतुक, तारीख छापलेली.
डावा नळ काढून भिंतीला सिमेंट लावलं,
त्याचा रंग बाकी भिंतीशी जुळत नाही.

गुप्तेबाई एकाआड एक दिवस येतात.
इंजेक्शनांनी कानात शिट्टी वाजते म्हणतात,
लांबची, मालगाडीसारखी.
वर्तुळं आता आतल्या बाजूला सरकतायत,
सगळ्यात लहान चवलीएवढं.
मी कोण हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.
मी तीनदा सुरुवात केली.

आज ड्रेसिंग झाल्यावर म्हणाल्या,
दिघे, घसा कोरडा पडलाय हो.
पॅसेजच्या नळाचंच असतं प्यायचं.
पेला भरला. हातात धरून उभा राहिलो
नको इतका वेळ.
आणा की, म्हणाल्या.
घटाघटा प्यायल्या,
ओठ पदरानं टिपले,
आणि पेला स्वतःच उठून
माझ्या आधी
विसळून ठेवला.